‘त्यात काय, चिठ्ठी वाचायची आणि गोळ्या द्यायच्या!’

फार्मसीला प्रवेश घेतलेल्या मुलाला नात्यातलं कुणी ना कुणी हे ऐकवतंच. मेडिकलवर बसायला शिक्षण कशाला लागतं? डॉक्टरांचं अक्षर लागलं आणि रॅकमधली स्ट्रिप सापडली की झालं. काउंटरवर उभं राहून हेच वाक्य रोज नव्या तोंडातून ऐकावं लागतं, तेही बहुधा ‘जरा लवकर करा हो, गाडी डबल पार्क केलीय’ या प्रस्तावनेसह. म्हणून एकदा हे नीट सांगून टाकू.

गैरसमज : हे काम कुणीही करू शकतं.

वस्तुस्थिती : कायद्याने तरी नाही. फार्मसी अधिनियम 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध बनवून किंवा काढून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. 1945 च्या औषध नियमांतला नियम 65 सांगतो, की असं औषध त्याने स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. दुकानातला मदतनीस स्ट्रिप काढेल, बिल करेल. पण ती तुमच्या हातात पडण्याआधी फार्मासिस्टच्या नजरेखालून गेली पाहिजे. अमेरिकेत या मदतनिसाला ‘फार्मसी टेक्निशियन’ म्हणतात, तिथेही औषधाची शेवटची तपासणी ही सहसा फार्मासिस्टचीच जबाबदारी मानतात. आपल्याकडे नोंदणी हवी तर किमान डी. फार्म. लागतं : दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण.

‘कायदा राहू द्या, पण तो पाहतो तरी काय?’ एक उदाहरण घेऊ. संधिवाताच्या बाईंची चिठ्ठी आली आहे. मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. घाईत असलेल्या पोराने दोन्ही स्ट्रिपा काढल्या आणि सवयीने दोन्ही पाकिटांवर ‘सकाळी 1’ असं खरडलं. औषध बरोबर, ताकद बरोबर, बिलही बरोबर. बाई मात्र आठवड्याची गोळी रोज घेऊ लागल्या. थोड्याच दिवसांत तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात. या एका चुकीने माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि अमेरिकेतली ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही संस्था याबद्दल वर्षानुवर्षं सावध करत आली आहे. जाणता फार्मासिस्ट इथे काय करतो? रुग्णाला विचारून वार ठरवतो, पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असं ठळक लिहितो, फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या दिवशी ते चिठ्ठी पाहून वेगळं लिहितो आणि बाईंकडून ते एकदा वदवून घेतो. याला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांसाठीच मागच्या गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली होत असतो.

दुसरी गंमत दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांची. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलंय, दातांच्या डॉक्टरांनी असेक्लोफेनॅक. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ब्रँड वेगळे, वेष्टनाचे रंग वेगळे, आत मात्र एकाच जातीची वेदनाशामकं. रुग्णाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही जोडी महागात पडते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी समोर येण्याची शक्यता असलेली जागा एकच, मेडिकलचं काउंटर. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, हेही इथंच सांगितलं जातं. नाहीतर गोळी रोज घेऊनही रिपोर्ट सुधारत नाही आणि बिचाऱ्या डॉक्टरांच्या नावाने खडे फोडले जातात.

आणि नावांचा घोळ? आपल्या बाजारात जवळपास सारख्या उच्चाराचे ब्रँड पूर्णपणे वेगळ्या औषधांचे निघतात. तक्रारी इतक्या वाढल्या, की 2019 मध्ये केंद्राने नियम बदलून उत्पादकाकडून तशा नावाचं दुसरं औषध बाजारात नसल्याचं हमीपत्र मागायला सुरुवात केली. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये सांगितलंच आहे. तुमच्या खिशातली चिठ्ठी काढून बघा, किती पाळलं जातं ते.

आता आमच्या धंद्याची झाकली मूठ उघडतो. हा गैरसमज गिऱ्हाइकांनी हवेतून आणलेला नाही. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र, महिन्याला त्याला ठरलेली रक्कम, आणि काउंटरवर भलताच कुणी उभा, असली दुकानं लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. महेश झगडे आयुक्त असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कारवाईचा धडाका लावला, तेव्हा केमिस्टांनी बंद पुकारला होता. फार्मासिस्ट नसला तरी चालतं, असं दुकानदारच वागून दाखवत असेल, तर गिऱ्हाइकाने वेगळं काय समजावं? पण ‘काही जण नियम मोडतात’ यावरून ‘नियमाची गरजच नाही’ असं सिद्ध होत नाही. मेथोट्रेक्सेटला प्रमाणपत्र भाड्याचं आहे की खरं, याच्याशी देणंघेणं नसतं.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

‘मागच्या वेळी हीच अँटिबायोटिक दिली होती, मग आता चिठ्ठी कशाला?’ मागचा आजार हाच आहे, हे कुणी ठरवलं? शिवाय 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-1 या यादीतल्या औषधांसाठी (काही अँटिबायोटिकही त्यात येतात) डॉक्टर, रुग्ण आणि दिलेली संख्या यांची नोंद रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षं जपावी लागते.

‘सेम कंटेंट असेल तर दुसऱ्या कंपनीचं द्या.’ चिठ्ठीवर लागणाऱ्या शेड्यूल एच आणि एक्स औषधांत परस्पर बदल करायला नियम 65 मनाई करतो. डॉक्टरांना फोन लावा, ते हो म्हणाले की देतो.

‘जेनेरिक म्हणजे पाणी.’ औषधाचा दर्जा ठरवणारे नियम ब्रँडेडला आणि जेनेरिकला एकच आहेत.

‘मेडिकलवाल्यांना अर्धे पैसे सुटतात.’ 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाच्या यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा वाटा 16 टक्के धरलेला आहे. यादीबाहेरच्या काही मालावर छापील किंमत आणि खरेदी किंमत यांत मोठं अंतर असतं, तिथला तुमचा राग रास्त आहे.

‘एक्सपायरी जूनची आहे, म्हणजे 1 जूनला संपली.’ फक्त महिना आणि वर्ष छापलं असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं.

‘इन्सुलिन फ्रीझरमध्ये जास्त टिकतं.’ गोठलं की वाया गेलं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवा.

‘सर्दीची गोळी आणि तापाची गोळी वेगवेगळ्या.’ सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची घेतली तर डोस दुप्पट होतो आणि त्याचा भार यकृतावर येतो.

पुढच्या वेळी चिठ्ठी देताना एवढंच विचारा : ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ 2015 च्या नियमांप्रमाणे त्याच्या अंगावर पांढरा कोट आणि नावाचा बिल्ला असायला हवा. ‘साहेब बाहेर गेलेत’ असं उत्तर आलं तर चिठ्ठी परत घ्या आणि दुसरं दुकान गाठा. माणूस समोर आला, तर घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं त्याला सांगा. आणि हो, गाडी आधी नीट पार्क करून या.