लॅक्स्टन

लॅक्स्टन हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर काउंटीतील एक छोटे खेडे आहे. ते न्यूअर्क या शहराच्या वायव्येस आणि शेरवूड अरण्याच्या पूर्वेस वसलेले आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात रूढ असलेली खुली शेतपद्धती येथे आजही प्रत्यक्ष वापरात आहे, आणि तिचे नियमन करणारे गावाचे पारंपरिक न्यायालयही कार्यरत आहे. या दोन गोष्टी एकत्र टिकून राहिल्याने कृषी-इतिहासाच्या अभ्यासात लॅक्स्टनला विशेष स्थान आहे.

गावाची रचना

इंग्लंडच्या बऱ्याच ग्रामीण भागांत शेतकऱ्याचे घर त्याच्या शेताच्या मधोमध एकटे उभे असते. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांची जुनी विटांची घरे गावाच्या मुख्य रस्त्यालगत एका ओळीत आहेत. अनेक घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असून मागे कोठारे, गोठे व परसाची लांबट जागा असते. शेते गावठाणाबाहेर असल्याने कोणा एकाला आपल्या सर्व जमिनीच्या मध्यभागी राहणे शक्य नव्हते. महाराष्ट्रातील गावठाण आणि शिवार यांची विभागणी ठाऊक असलेल्या वाचकास ही रचना सहज उमगेल.

गावात सेंट मायकेल यांच्या नावाचे मध्ययुगीन चर्च आहे. उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष आहेत. इमारत शिल्लक नसली तरी मातीचा उंच टेकाडवजा भराव आणि भोवतालचे खंदक स्पष्ट दिसतात. मोकाट जनावरे अडकवून ठेवण्याचा जुना कोंडवाडाही गावात आहे. १०८६ साली सिद्ध झालेल्या 'डूम्सडे बुक' या जमीन-नोंदवहीत लॅक्स्टनचा उल्लेख आढळतो.

खुली शेतपद्धती

गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते आहेत. त्यांच्या आत कुंपण नाही. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले असून एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. चांगली आणि हलकी, उंचावरची आणि पाणथळ अशी सर्व प्रकारची जमीन प्रत्येकाच्या वाट्याला यावी, हे या विखुरण्यामागचे एक कारण मानले जाते. पट्टे लांब व अरुंद असण्याचे कारण नांगरटीत आहे. बैलांची जोडलेली रांग वळवणे कष्टाचे असल्याने एक तास जितके लांब जाईल तितके सोयीचे ठरे.

पिकांची फेरपालट तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी तेथे वसंत ऋतूत पेरायचे पीक आणि तिसऱ्या वर्षी ते शेत पड, असा क्रम फिरत राहतो. अलीकडच्या काळात पड शेतात वैरणीचे पीकही घेतले जाते. मात्र संपूर्ण शेताला एकच क्रम लागू असल्याने कोणालाही आपल्या पट्ट्यात मनास येईल ते पीक घेता येत नाही.

शेतांच्या मधून ओढ्यांच्या काठाने नांगरटीस अयोग्य अशा गवताळ पट्ट्या जातात. त्यांना स्थानिक भाषेत 'साइक' म्हणतात. त्या सामाईक असून त्यांवरील गवताचा दरवर्षी लिलाव होतो. पिढ्यान्‌पिढ्या नांगर न लागल्यामुळे तेथे जुन्या कुरणांतील रानफुले टिकून आहेत, आणि त्यासाठी या पट्ट्यांना कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

कोर्ट लीट

कुंपण नसलेल्या शेतात तंटा उद्भवतो तो हद्दीवरून. शेजाऱ्याच्या पट्ट्यात एक तास पुढे सरकणे किंवा सामाईक गवत व वाट यांत नांगर घालणे हा मोह सर्वत्र सारखाच. महाराष्ट्रात त्याला 'बांध कोरणे' म्हणतात. लॅक्स्टनमध्ये त्याचा बंदोबस्त 'कोर्ट लीट' हे जहागिरीचे न्यायालय करते.

नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांतूनच निवडलेले पंच नव्याने गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात. ते हद्दीवर खुंट्या ठोकतात, चर व वाटा तपासतात आणि कोणी मर्यादा ओलांडली असल्यास त्याची नोंद करतात. आठवड्यानंतर न्यायालय भरते, दंड जाहीर होतात आणि पुढील वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाची रक्कम मोठी नसते. ज्यांच्याबरोबर रोज काम करावयाचे त्यांच्यासमोर दोष वाचला जाणे हाच खरा वचक असतो. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने अशा बहुतेक न्यायालयांचे कायदेशीर अधिकार संपुष्टात आणले. लॅक्स्टनचे न्यायालय त्यास अपवाद ठरले.

टिकून राहण्याची कारणे

१६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या भागाहून थोडी अधिक जमीन आली. खुली शेते व गायराने सलग खाजगी मालकीत गेली. उत्पादन वाढण्यास त्याची मदत झाली, पण सामाईक चराईवर जगणाऱ्या गरिबांचा आधार तुटला. लॅक्स्टन यातून पूर्णपणे निसटले नाही. तेथील काही जमीनही टप्प्याटप्प्याने कुंपणात गेली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक लहान पट्टे एकत्र करण्यात आले. तथापि एकोणिसाव्या शतकात जमीन दोन मोठ्या घराण्यांत विभागलेली होती आणि त्यांच्यात अदलाबदल जुळून आली नाही. पूर्ण कुंपणबंदी टळण्यामागे हे महत्त्वाचे कारण सांगितले जाते.

या गावाचा नकाशा मार्क पियर्स याने १६३५ मध्ये तयार केला. प्रत्येक पट्टा, त्याचा धारक, नांगरणारे शेतकरी व चरणारी गुरे त्यात दाखविली आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या आधारे ऑर्विन दांपत्याने लिहिलेला 'द ओपन फील्ड्स' हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गावाकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले.

मालकी आणि सद्यस्थिती

१९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून ही जहागीर ब्रिटिश कृषी मंत्रालयाने शेतपद्धती टिकविण्याच्या हेतूने विकत घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली. २०१८ मध्ये क्राउन इस्टेटने विक्रीचा मनोदय जाहीर केला तेव्हा पद्धतीच्या भवितव्याविषयी चिंता निर्माण झाली. अखेर २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याशी पूर्वसंबंध असलेल्या थोर्सबी इस्टेटकडे मालकी आली.

लॅक्स्टन हे संग्रहालय नाही. तेथील शेतकरी कुळे असून त्यांना बाजारभाव, खर्च आणि अवजड यंत्रे यांचा विचार करावाच लागतो. विखुरलेल्या पट्ट्यांवर आधुनिक यंत्रे चालविणे गैरसोयीचे, आणि केवळ तेवढ्या जमिनीवर कुटुंबाचा निर्वाह कठीण असतो. त्यामुळे बहुतेकांना अन्य जमीन किंवा पूरक व्यवसायाची जोड लागते. जमीन, पंच आणि ती कसणारी माणसे यांपैकी एक दुवा तुटला तरी ही व्यवस्था केवळ नकाशावर उरेल. पट्ट्यांच्या रेषा राखणे सोपे आहे, पण दरवर्षी हद्दीवर एकत्र उभे राहणारे शेतकरी गावात असणे हे त्याहून अवघड आहे.