नर्मदेतला गोटा आणि घरातली झिलई

गरुडेश्वरी टेंबे स्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन परतताना, अथवा चांदोदच्या घाटावर नर्मदेत पाय सोडून बसले असताना, एखादा रंगीत गोटा उचलून खिशात टाकला नाही असा माणूस बडोद्याच्या मराठी घरांतून विरळाच सापडेल. पाण्यात असताना तो गोटा किती तेजस्वी दिसतो! अंगावर लालसर रेघा, मधाच्या रंगाचा एखादा ठिपका, कडेला दुधाळ पट्टा. घरी येऊन खिसा रिकामा करावा तो हाती येतो एक पांढुरका, निस्तेज दगड. मुले हिरमुसतात आणि गोटा तुळशीच्या कुंडीत जाऊन पडतो. आमच्या कुंडीत अशा गोट्यांचा इतका ढीग झाला होता की, तुळशीला माती कमी आणि नर्मदामाई अधिक, असे घरात थट्टेने म्हटले जाई.

वास्तविक गोटा फसवीत नसतो. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग बोटांना गुळगुळीत लागला तरी त्यावर असंख्य सूक्ष्म ओरखडे आणि खळगे असतात. त्यांवर पडणारा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि दगडाचा खरा रंग त्या धूसरपणाखाली झाकला जातो. पाण्याचा पातळ थर हे खळगे भरून काढतो, म्हणून ओला गोटा खुलून दिसतो. तेव्हा आपल्याला करावयाचे ते इतकेच, की ओरखडे घासून घासून असे बारीक करावयाचे की प्रकाशाला ते जाणवूच नयेत. काही हौशी मंडळी गोट्यावर तेलाचा हात फिरवतात किंवा वार्निश चढवतात. ती झिलई नव्हे, ते वेषांतर होय.

घासण्याचे हे काम निसर्ग फार पूर्वीपासून करीत आला आहे. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांच्या ध्यानात असेल की, भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या पाषाणात रांजणाएवढे खोल खड्डे कोरले. कोरता कोरता ते स्वतःही वाटोळे झाले. दगड, पाणी, वाळू आणि न थांबणारी गती, या चार गोष्टी एकत्र आल्या की काम होते. प्रश्न केवळ काळाचा असतो.

माणसाने हा काळ कसा आखडता घेतला, हे पाहण्यास बडोदेकरांना दूर जावे लागत नाही. मोटारीने दीड-दोन तासांवर खंबायत आहे. तिथला अकीकाचा धंदा फार जुना. त्याच प्रदेशातील लोथल येथे हडप्पा संस्कृतीतील मणी घडविण्याची कार्यशाळाच उत्खननात सापडली. कच्चा अकीक मुख्यतः भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून येई. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे आणि अकीकाच्या व्यापाराशी त्यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. खाणीतून निघालेला दगड बहुधा मळकट पिवळा किंवा तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून, मडक्यात घालून, गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजला की त्यातील लोहाचा अंश पालटतो आणि दगडाला तो प्रसिद्ध तांबडा रंग चढतो.

1880 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये खंबायतच्या झिलईचे वर्णन आहे. मजबूत चामड्याची सुमारे दोन फूट लांबीची पिशवी घेत, तीत मण्यांबरोबर कुरुंदाची भुकटी भरीत, तोंड बांधून पिशवीच्या मध्यावर चामड्याचा पट्टा गुंडाळीत आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसे तो पट्टा आळीपाळीने ओढून पिशवी पुढे-मागे लोळवीत. पिशवी सतत ओली ठेवावी लागे आणि हे काम दहा-पंधरा दिवस चाले. आता पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपांनी घेतली आहे. आपण घरी जे यंत्र आणणार, ज्याला ‘टंबलर’ म्हणतात, ते त्या पिंपाचेच धाकटे भावंड.

टंबलर दोन जातींचे असतात. एक फिरणारा आणि दुसरा थरथरणारा. फिरणाऱ्यात दोन रुळांवर एक बंद डबा आडवा ठेवलेला असतो. मोटर पट्ट्याने रूळ फिरविते आणि रूळ डब्याला. आतले गोटे डब्याच्या भिंतीबरोबर वर चढतात आणि वरच्या थरातून घसरत खाली येतात. जी झीज होते ती या घसरणीत. थरथरणाऱ्या यंत्राचे काम जलद होते, आणि त्यात दगडाचा मूळ आकार बराचसा टिकतो. मात्र त्याला भुकटी आणि पाण्याचे प्रमाण नेमके लागते, दिवसातून अनेकदा लक्ष द्यावे लागते, आणि वेडावाकडा दगड ते वाटोळा करीत नाही. माझे मत विचाराल तर नवशिक्याने प्रथम फिरणाराच घ्यावा. तो संथ आहे, परंतु चुका पोटात घालतो.

घेताना डबा रबराचा आहे की नुसत्या प्लास्टिकचा, हे सर्वांआधी पाहावे. हे यंत्र महिनाभर अहोरात्र चालावयाचे असते. रबर आवाज गिळते आणि गोट्यांना मारही कमी बसू देते. प्लास्टिकचा डबा रात्री दोन वाजता आपले अस्तित्व शेजाऱ्यांनाही कळवितो. मुलांसाठी म्हणून जी खेळण्यासारखी यंत्रे विकली जातात त्यांत बहुधा हाच दोष असतो. डबा केवढा असावा? सुमारे 700 ग्रॅमचा फार लहान पडतो; त्यात दोन मोठे गोटे गेले की घसरणीला जागाच उरत नाही. सुमारे 1.4 किलोचा (इंग्रजी मापाने तीन पौंडी) घरगुती हौसेला पुरेसा असतो. हे वजन गोटे, भुकटी आणि पाणी मिळून धरावयाचे, एकट्या गोट्यांचे नव्हे. मोटर अखंड चालण्यासाठी बनविलेली आहे ना, तिला हवा लागण्यास झरोके आहेत ना, आणि पट्टा तुटल्यास दुसरा मिळेल ना, याची विचारपूस संकोच न करता करावी. घरी जुन्या शिवणयंत्राची मोटर पडून असते आणि ती जोडून यंत्र बनविण्याचा मोह अनेकांना होतो. ती मोटर थांबत थांबत चालण्यासाठी असते, चोवीस तासांत ती तापून जळेल. विजेच्या खर्चाचे मात्र भय नको. 25 वॅटची मोटर दिवसरात्र चालली तरी महिन्याला 18 युनिटच होतात.

आता दगड. मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहाची पट्टी तयार केली. अकीक, जास्पर, गारगोटी हे तीत साडेसहा-सातच्या आसपास बसतात, संगमरवर तीनवर. दोघांना एका डब्यात घातले तर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतो आणि स्वतःही नीट उजळत नाही. परीक्षा सोपी आहे. पोलादी चाकूचे टोक ओढावे. ओरखडा उठला तर तो दगड बाजूला ठेवावा. शंका उरली तर लिंबाचा थेंब टाकावा, फसफसला तर त्यात चुना आहे. असा दगड बंद डब्यात वायू सोडू शकतो, म्हणून पहिले काही दिवस डबा रोज एकदा उघडून पाहणे बरे. आपल्याकडचा काळा फत्तर मजबूत असला तरी त्याला मनासारखी चकाकी येत नाही. चिरा गेलेले, भोके पडलेले गोटे टाळावेत. मोठे-लहान मिसळून घ्यावेत; सगळे एका मापाचे असले तर घासण्यास पुरेशा जागा मिळत नाहीत. गोटे गोळा करतानाही तारतम्य हवे. प्राचीन वसाहतींच्या टेकाडांवर दिसलेला मणी वा दगडाची कपची उचलू नये, आणि खाणीत किंवा कोणाच्या शेतात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे.

कृती चार टप्प्यांची असून प्रत्येकास साधारण एक आठवडा लागतो. ज्यांनी सुताराला लाकूड घासताना पाहिले आहे त्यांना ती लगेच उमगेल. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. येथे कागदाऐवजी सिलिकॉन कार्बाइडची भुकटी. पहिल्या आठवड्यास 60 ते 90 नंबरची, दुसऱ्यास 120 ते 220, तिसऱ्यास 500, आणि चौथ्यास झिलईची पूड, म्हणजे सेरियम ऑक्साइड किंवा अत्यंत बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड. डबा दोन तृतीयांश गोट्यांनी भरावा, पाणी वरच्या गोट्यांच्या किंचित खाली राहावे, आणि तीन पौंडी डब्यास भुकटी चार मोठे चमचे. डबा फार भरला तर आत हालचाल होत नाही. फार रिकामा ठेवला तर गोटे आपटून टवके उडतात. कानाला याची ओळख लवकर होते. सगळे ठीक असले की वाळूवरून ओढा वाहावा तसा मंद, अखंड आवाज येतो. खडखडाट झाला तर गोटे कमी पडले असे समजावे, आणि अगदीच शांतता असेल तर आधी पट्टा पाहावा. दोन-चार तास वीज गेल्याने काही बिघडत नाही. मात्र भरलेला डबा आठवडाभर बंद ठेवला तर तळाचा गाळ घट्ट बसतो.

खरी परीक्षा पहिल्या आठवड्याची. बहुतेक माणसे येथेच घाई करतात, मीही केली. गोट्यांचे कोपरे गेले, अंग गुळगुळीत लागले, एवढ्यावर समाधान मानून मी पुढे गेलो. महिन्याअखेरीस प्रत्येक गोट्यावर चकचकीत पृष्ठभागामध्ये देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसू लागले. पुढची भुकटी खळगे काढीत नाही, फक्त त्यांच्या कडा उजळते. म्हणून आठवड्यानंतर गोटे धुऊन, वाळवून, उन्हात पाहावेत. ज्यांत खळगे राहिले असतील त्यांना ताज्या भुकटीत आणखी एक आठवडा, गरज पडल्यास दोन आठवडे द्यावेत. पाव हिस्सा वजन झिजले तरी नवल मानू नये.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि हीत गृहिणीच गुरू होऊ शकते. एका टप्प्याची भुकटी दुसऱ्यात जाता कामा नये. झाकणाच्या खाचेत दडलेला खरखरीत भुकटीचा एक कण शेवटच्या आठवड्याचे सगळे काम नासवितो. जुन्या दातांच्या ब्रशने डबा, झाकण आणि एकेक गोटा घासावा, पाच-सहा पाण्यांतून काढावा. सोवळ्याओवळ्याचे नियम पाळलेल्या घरांना हे जड जाऊ नये! जमले तर झिलईसाठी निराळा डबाच ठेवावा.

त्या धुण्याच्या पाण्याविषयी एक कबुली. पहिल्या खेपेस मी तो करडा गाळ स्वयंपाकघरातील मोरीत ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मोरी तुंबली. नळवाल्याने पाइप उघडून आतून सिमेंटसारखा गट्टू बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलविली. सौ. काही बोलली नाही, हेच अधिक वाईट. तेव्हापासून गाळ बादलीत निवळू देतो, वरचे पाणी काढून टाकतो, खालचा चिखल जुन्या वर्तमानपत्रावर घेऊन ओला असतानाच गुंडाळून कचऱ्यात देतो. वाळू देत नाही.

वाळू न देण्याचे कारण मोरीपेक्षा फार गंभीर आहे, आणि त्यासाठी पुन्हा खंबायतला जावे लागते. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. झिलईचे पिंप ओले असते, पण त्याआधी मण्याला आकार देण्यासाठी कारागीर तो फिरत्या चाकावर धरतो. तेथे कोरडी धूळ उडते आणि ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारा उपाय नाही. फुप्फुसे हळूहळू कडक होत जातात, क्षयाची बाधाही सहज होते. हे काम कित्येकदा राहत्या घरात चालते, म्हणून चाकाला कधी हात न लावलेल्या घरच्या माणसांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासातही ती धूळ जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी केलेली आहे. ही ऐकीव गोष्ट नव्हे.

म्हणून हौशी माणसाने घरी दगड कोरडा कापू नये, कोरडा घासू नये, एकदाही नाही. टंबलर ओला चालतो, हा त्याचा मोठा गुण. भुकटी डब्यात घालतानाही ती आधी पाण्यात कालवून घ्यावी, आणि गोटा फोडून लहान करणे भागच असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून फोडावा. आणि एक सांगतो. खंबायतच्या बाजारात तयार मण्यांची माळ घेताना पूर्वी मी घासाघीस करीत असे. आता करीत नाही.

चौथ्या आठवड्यानंतर गोटे साबणाच्या पाण्यात पुन्हा काही तास फिरवावेत, म्हणजे झिलईची पूड निघून जाते. मग एक गोटा स्वच्छ फडक्याने कोरडा करून दुसऱ्या ओल्या गोट्याशेजारी ठेवावा. दोहोंत फरक दिसला नाही तर काम झाले. फरक दिसला तर तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा, त्रागा न करता.

सध्या आमच्या मागच्या पडवीत तिसरा आठवडा चालू आहे. आत रतनपूरचे नऊ-दहा तुकडे, काही गारगोट्या आणि तुळशीच्या कुंडीतून काढलेला एक मधाच्या रंगाचा गोटा आहे. तो कोणी, कोणत्या साली आणला हे घरात कोणाला आठवत नाही. नात शाळेतून आली की दप्तर टाकण्यापूर्वी पडवीत जाऊन डब्याला कान लावते. गुरुवारी उघडावयाचा आहे.