कर्नलच्या पोटात – भाग ७ : पाळतीवरच्या कोडला झोप वर्ज्य

ट्रेसपॉइंट कुठे बसवायचा हे मागच्या भागात झालं. त्याला जोडलेल्या हँडलरवर एक कडक बंधन असतं: झोपायचं नाही.

झोपणं म्हणजे सीपीयू सोडून वाट पाहत बसणं. म्यूटेक्स सुटेपर्यंत, डिस्कवरून पान येईपर्यंत, मेमरी मोकळी होईपर्यंत. लिनक्समध्ये केप्रोबचा किंवा साध्या ट्रेसपॉइंटचा हँडलर चालू असताना प्रीएम्प्शन, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून सीपीयू दुसऱ्याला देणं, सहसा बंद असतं. तेव्हा झोपलात तर कधी लॉगमध्ये नुसती तक्रार येते, कधी अख्खं मशीन अडकतं.

समजा, कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडते ते टिपायचंय. ‘ओपनॅट’ या फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलच्या सुरुवातीला हँडलर लावला आणि ‘कॉपी_फ्रॉम_यूजर’ने नाव उचललं. ते नाव ज्या पानावर असतं ते बहुधा रॅममध्येच असतं, त्यामुळे चाचण्या बिनबोभाट पार पडतात. मग एखाद्या दिवशी पान जागेवर नसतं, पेज फॉल्ट होतो आणि हँडलर डिस्कची वाट पाहत बसू शकतो.

म्हणून चाचणीचा कर्नल बांधताना ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ चालू ठेवावा. झोपू शकणाऱ्या फंक्शनांच्या तोंडाशीच ‘माइट_स्लीप’ची तपासणी असते. प्रत्यक्ष झोप लागली का, याच्याशी तिला देणंघेणं नाही; इथे झोपण्याची मुभा आहे का, एवढंच ती बघते. मग पान रॅममध्ये असलं तरी पहिल्याच फेरीत बोंब होते: ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इन्व्हॅलिड कॉन्टेक्स्ट’.

त्या संदेशात प्रोसेसचं नाव असतं आणि नवखे हमखास तिच्यामागे लागतात. ती बिचारी पंचनाम्यातल्या वाटसरूसारखी, नेमकी त्या वेळी तिथे होती एवढंच. ‘इन_ॲटॉमिक’पुढे १ दिसला की स्टॅक ट्रेस वरून खाली वाचा. तपासणीची फंक्शनं ओलांडली की तुमचा हँडलर सापडतो.

हँडलरमध्येच ‘इन_ॲटॉमिक’ विचारून सुटका करून घेण्याची युक्ती मात्र टाळा. प्रीएम्प्शनची मोजणी नसलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक हातात असतानाही ते शून्यच सांगतं.

खरा उपाय म्हणजे ‘नोफॉल्ट’ जातीची फंक्शनं. पान नसेल तर ती थांबत नाहीत, चूक कळवून परततात. बीपीएफट्रेस या ट्रेसिंगच्या साधनात फाइलचं नाव अधूनमधून कोरं दिसतं ते यामुळेच. अशा वेळी सुरुवातीला फक्त पत्ता जपून ठेवावा आणि नाव कॉल संपताना वाचावं. तोवर कर्नलने स्वतःच ते वाचलेलं असतं, म्हणून पान बहुतेक हजर असतं. २०२० च्या ५.१० आवृत्तीपासून झोपू शकणारे बीपीएफ प्रोग्रॅमही आले, पण ते ठरावीक जागीच जोडता येतात.

रिअल-टाइम कर्नलमध्ये साधा स्पिनलॉकसुद्धा झोपू शकतो. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत हा पर्याय मुख्य लिनक्समध्ये आला. एरवी निर्दोष ठरलेले हँडलर तिथे कसे पकडले जातात, ते पुढच्या आठवड्यात.