घरातला समुद्र आणि त्याची नळजोडणी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. गप्पी, सोनमासे, एंजल मासे हे पुष्कळ घरांतील मुलांच्या ओळखीचे झाले आहेत. पण ते सारे गोड्या पाण्याचे रहिवासी. खाऱ्या पाण्यातील मत्स्यालय, आणि त्यातही प्रवाळाच्या खडकाचे दर्शन घडविणारे मत्स्यालय, हे प्रकरण अगदी निराळे आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांपुढे ज्यांनी बालपणी नाक टेकून उभे राहण्याचा आनंद घेतला, त्यांच्या मनात 'हे घरी करता येईल काय?' हा प्रश्न एकदा तरी आला असेल. करता येते. मात्र त्यासाठी सुताराचे, नळजोडणी करणाऱ्याचे आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे थोडे थोडे गुण एकाच माणसाच्या अंगी यावे लागतात.

या हौसेचा इतिहास मनोरंजक आहे, तसा काहीसा खेदजनकही आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडण्यात आले. पुढच्याच वर्षी निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचे 'दि अॅक्वेरियम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र आणण्याची लाटच उसळली. लोक बरण्या नि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. खडकांमधील ज्या नितळ डबक्यांचे गॉस यांनी प्रेमाने वर्णन केले होते, तीच डबकी त्यांच्या वाचकांनी उजाड केली. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात ही हळहळ नोंदवून ठेवली आहे.

प्रवाळासह सारा खडकच घरी जगविण्याची कल्पना मात्र बरीच अलीकडची. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून जीवजंतूंसह आणलेले खडक, ताजे समुद्रजल आणि हवेचे मंद बुडबुडे, एवढ्यावरच त्यांचे मत्स्यालय चाले. पाणी शुद्ध ठेवण्याचे काम खडकाच्या छिद्रांतील अदृश्य जिवाणू करीत. पुढे युरोपात पेटर विल्केन्स आणि बर्लिनचे हौशी लोक यांनी या पद्धतीला प्रखर दिव्यांची, फेसाच्या साहाय्याने घाण काढणाऱ्या यंत्राची आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली. आज जगात जी प्रवाळ-मत्स्यालये दिसतात त्यांतील बहुतेकांचे मूळ या दोन ठिकाणी सापडते.

परंतु जाकार्त्यात १९६१ साली जे सहज करता आले ते आज आपल्या देशात करता येणार नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही आपली मोठी प्रवाळक्षेत्रे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही याच यादीत आहेत. किनाऱ्यावरून उचललेला मृत प्रवाळाचा तुकडासुद्धा या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. दुकानदार 'परदेशातील लागवडीचा माल आहे' असे छातीठोकपणे सांगतो. त्याचे हे तोंडी आश्वासन म्हणजे परवाना नव्हे. शंका असल्यास वनखात्याकडे चौकशी करावी आणि तोवर खिशात हात घालू नये.

मग घरच्या समुद्रात ठेवावयाचे तरी काय? सुदैवाने या प्रश्नाचे चांगले उत्तर आपल्याच शास्त्रज्ञांनी दिले आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या अनेक जातींचे प्रजनन हौदांत यशस्वी करून दाखविले आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा बंदिस्त पाण्यात जन्मला असेल तर पेटीतले जीवन त्याला परके वाटत नाही आणि समुद्रफुलाच्या सोबतीशिवायही तो सुखाने राहतो. त्याच्या कुटुंबाची रीत मुलांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. या जातीत प्रत्येक जीव आधी नर असतो. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि अंड्यांची राखण मुख्यतः बाप करतो. अशा माशांची एक जोडी, मत्स्यालयासाठीच बनविलेले कृत्रिम खडक, त्यांवर हळूहळू पसरणारे गुलाबी चुनामय शैवाल आणि थोडी हिरवी समुद्रवनस्पती, एवढ्याने पेटीला खडकाळ समुद्रतळाचे रूप येते. सिमेंटचे खडक असतील तर ते कित्येक आठवडे पाणी बदलीत भिजवून त्यांचा खार उतरवून घ्यावा. परदेशी राहणाऱ्या आपल्या बांधवांना तेथील कायद्याप्रमाणे लागवडीचे प्रवाळ मिळतात. त्यांनाही पुढील नळजोडणी तंतोतंत लागू पडेल.

आता पेटीकडे वळू. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच अशी पेटी नवशिक्यास योग्य. तिची काठोकाठ धारणा २७० लिटर. याहून लहान पेटी स्वस्त पडते, पण थोड्या पाण्यात क्षारता नि उष्णता झपाट्याने बदलते, आणि समुद्राच्या जीवांना बदलाइतके दुसरे काहीच बाधत नाही. पाणी, काच, खडक, वाळू, खालची टाकी व मांडणी मिळून वजन साडेचारशे किलोंच्या आसपास जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पेटी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी व इमारत जुनी असल्यास जाणकार अभियंत्याचे मत घ्यावे.

पेटीच्या खाली, कपाटात, दुसरी लहान टाकी असते. हौशी लोक तिला 'संप' म्हणतात; इमारतीतील जमिनीखालच्या टाकीसही आपण हेच नाव देतो. तिच्यातील पंप एखाद्या रात्री बंद पडला की या शब्दाचा दुसरा अर्थही प्रत्ययास येतो. वरचे पाणी नळाने खाली येते, खाली गाळले जाते, फेसयंत्रातून जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. फेसयंत्राचे तत्त्व सोपे आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांचा पिवळसर फेस साचलेला आपण पाहतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागास चिकटून वर येतात. यंत्र हेच एका नळकांड्यात घडविते आणि घाण वरच्या पेल्यात गोळा होते.

वरचे पाणी खाली आणावयाचे तर पेटीच्या मागल्या काचेस काठाजवळ दातेरी बांध घालतात आणि त्याच्या आड काचेस छिद्रे पाडून नळ बसवितात. छिद्र हिऱ्याच्या कणांच्या गोल करवतीने, पाणी सोडीत, सावकाश पाडावे. टफन्ड काचेस छिद्र पाडता येत नाही, तिचा चुरा होतो. म्हणून काच खरेदी करतानाच विचारून घ्यावे. छिद्रात घराच्या टाकीला वापरतात तसला पीव्हीसीचा टँक निपल रबरी वायसरासह बसवावा. एकच नळ ठेवला तर त्यात हवा आणि पाणी एकत्र घुसून अखंड गुडगुड चालते, आणि तो तुंबला तर पाणी जमिनीवर. यास्तव तीन नळ ठेवण्याची पद्धत उत्तम. पहिल्या नळाचे तोंड सदैव पाण्याखाली राहते आणि त्याच्या खालच्या टोकाशी व्हॉल्व्ह असतो. तो किंचित आवळून असा जुळवावा की जवळजवळ सारे पाणी याच नळातून, हवेविना, निःशब्द उतरेल. उरलेली बारीक धार दुसऱ्या उघड्या नळातून जाते. तिसऱ्याचे तोंड सर्वांत वर. तो एरवी कोरडा असतो. त्यातून पाण्याचा आवाज आला की पहिल्या दोहोंपैकी काहीतरी तुंबले आहे, ही घरच्या मंडळींस मिळालेली सूचना होय.

खरी परीक्षा वीज जाते तेव्हा. पंप थांबला की वरचे पाणी बांधाच्या पातळीपर्यंत खाली येणारच. आपल्या पेटीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ५.४ लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळाचे तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर असेल, तर तोच नळ उलट दिशेने पाणी ओढू लागतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत सुमारे ५४ लिटर पाणी खाली उतरते. ७५ सेंटिमीटर लांब व ३५ रुंद अशा टाकीत १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली असली तरी ती सुमारे ३९ लिटरच सामावते. उरलेले १५ लिटर खारे पाणी गालिच्यावर! तोंड पृष्ठभागाखाली फक्त २ सेंटिमीटर ठेवले तर ११ लिटर आणि नळांतले थोडे, एवढेच उतरेल. पाणी उलटे जाऊ नये म्हणून काही जण एकेरी झडप बसवितात, काही जण नळास बारीक छिद्र पाडतात. दोन्ही करावे, पण दोहोंवर विसंबू नये. झडपेत एखादा शिंपला अडकतो आणि छिद्र मिठाच्या खड्याने बुजते.

उलट संकटही ध्यानी घ्यावे. नळ पूर्ण तुंबला तर पंपाच्या कप्प्यातील सारे पाणी वर चढेल. तो कप्पा १७ लिटरांचा असेल तर वरची पातळी ३ सेंटिमीटरांहून थोडी अधिक वाढेल. म्हणून पेटीच्या काठाशी ४ सेंटिमीटर मोकळे असावेत. पंपाचा कप्पा लहान ठेवण्यात हेच शहाणपण आहे. पंप ताशी हजार लिटरांच्या आसपास पाणी प्रत्यक्ष वर चढविणारा हवा. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढताना तो बराच घटतो.

नळ, कोपरे आणि जोड सारे पीव्हीसीचे असावेत. पितळी चाव्या, तांब्याचे तुकडे आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड यांना येथे थारा नाही, कारण अत्यल्प तांबेसुद्धा शंख, कोळंबी आणि प्रवाळ यांना विष ठरते. पंपाच्या दोन्ही बाजूंस युनियन घालावे, म्हणजे साफसफाईस नळ कापावा लागत नाही. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकोनमध्ये बुरशीनाशक असते. ते वापरू नये. विजेच्या तारा आधी खाली झुकवून मग प्लगकडे न्याव्यात, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न पोहोचता खालीच टपकतो. ३० मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा-खटका आणि खरे अर्थिंग, यांत काटकसर करणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळणे होय.

सारे जोडून झाल्यावर पेटी साध्या पाण्याने भरावी आणि दोन दिवस पंप चालवावा. मग मुद्दाम दहा वेळा वीज बंद करावी, चालू करावी, आणि कोरड्या कागदाने प्रत्येक जोड पुसून पाहावा. दीर्घकाळ वीज जाणाऱ्या गावी घटाणूवर चालणारा हवापंप हाताशी असलाच पाहिजे. पाणी थांबले की प्राणवायू घटतो, आणि ऊन पाण्यात तो मुळातच कमी असतो.

मग मीठ. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्र होत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे क्षारमिश्रण, आरओच्या पाण्यात, वेगळ्या पिंपात, लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे व घनता १.०२५ च्या आसपास असल्याची खात्री करावी. किनाऱ्यालगतच्या वाचकांना समुद्राचे पाणी फुकट मिळेल, परंतु पावसाळ्यात ते पातळ होते आणि बंदरांजवळ तेलकट असते. पेटीतून वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी. घट दिसते ती पंपाच्या कप्प्यात, तेथे खूण करून ठेवावी. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या मे महिन्यात ही भर मुंबईपेक्षा पुष्कळ अधिक लागेल. त्याचा एक लाभही आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता निघून जाते तिने आपल्या पेटीचे पाणी दोन अंशांनी निवू शकते. म्हणून कोरड्या हवेत साधा पंखा कामास येतो. कोकणच्या दमट उन्हाळ्यात मात्र तो फारसे करीत नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस राहावे. समुद्रातही याहून दोन-तीन अंशांची वाढ टिकली की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल टाकून पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासूनच्या लाटेत हे जगभर घडले.

चुन्याची निवळी ही या हौसेतली आपल्या स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळची गोष्ट. शुद्ध चुना पाण्यात ढवळून, साका खाली बसू देऊन, वरचे नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडतात. त्याने शैवाल आणि प्रवाळ यांना कॅल्शियम मिळते. समुद्रात ते लिटरास सुमारे ४१० मिलिग्रॅम असते. पानाच्या डबीतला चुना मात्र वापरू नये. निवळी तीव्र असते, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

एवढे झाले तरी मासे लगेच सोडावयाचे नाहीत. खडकांत जिवाणूंची वस्ती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. ते प्रथम अमोनियाचे नायट्राइट करतात, मग नायट्राइटचे नायट्रेट. पेटीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले म्हणजे पहिली जोडी आणावी. पिशवी तशीच अर्धा तास पाण्यावर तरंगती ठेवावी, मग पेटीचे पाणी वाटीवाटीने तिच्यात घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी मोरीत ओतावे. पहिला दिवस दिवे मंद ठेवावेत. जोडी खडकाआड दडून बसेल. दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाद्य टाकून पाहावे, आणि दोन आठवड्यांनी दहा टक्के पाणी बदलण्यासाठी आदल्या रात्रीच पिंपात मीठ कालवून ठेवावे.