लहान साधने, सामायिक भांडार : पायथॉनकारांची देवाणघेवाण

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला समजेल अशा भाषेत क्रमवार सूचना द्याव्या लागतात. या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. अशा भाषांपैकी ‘पायथॉन’ ही भाषा आज शाळांपासून संशोधन संस्थांपर्यंत वापरली जाते. नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम येथील राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणारे गीडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये तिच्या रचनेस आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिच्या प्रसाराचे श्रेय केवळ सुलभ रचनेस नाही. आपल्या अनुभवातील युक्त्या आणि लहान लहान साधने एकमेकांस विनामूल्य देण्याची जी प्रथा पायथॉनकारांनी पाडली, तिचाही त्यात मोठा वाटा आहे.

एका शब्दाची युक्ती

मराठी नावांच्या यादीचे उदाहरण घेऊ. पायथॉनच्या साहाय्याने तयार केलेली, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी ‘एक्सेल’मध्ये उघडली की पुष्कळदा नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. नावे नष्ट झालेली नसतात. ‘यूटीएफ-८’ या संकेतप्रणालीत ती अचूक साठविलेली असतात. मात्र ही प्रणाली कोणती, हे एक्सेलला उमगत नाही. यादी लिहिताना ‘यूटीएफ-८’ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ असा संकेत दिल्यास आरंभी तीन बाइटांची खूण पडते आणि अक्षरे नीट उमटतात. ही युक्ती ठाऊक नसलेला कर्मचारी सारी यादी पुन्हा टंकलिखित करावयास बसेल. जाणकाराने एक शब्द सांगितला तर त्याचे ते श्रम वाचतात.

साधनांचे भांडार

काही कामांना युक्ती पुरत नाही, तयार साधन लागते. त्यासाठी ‘पायथॉन पॅकेज इंडेक्स’ हे सार्वजनिक भांडार २००३ साली सुरू झाले. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. ‘पिप’ या साधनास एक आज्ञा देताच हवे ते साधन आपल्या संगणकावर येते. त्यासोबत असलेला परवाना ते साधन वापरण्याचे, बदलण्याचे व इतरांस देण्याचे हक्क आणि त्यांच्या अटी स्पष्ट करतो.

विश्वासाची कसोटी

ज्या भांडारात कोणासही भर घालता येते, तेथे अपप्रवृत्तीही शिरते. प्रसिद्ध साधनाच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक आज्ञावली ठेवण्याचे प्रकार घडले आहेत. २० मे २०२३ रोजी असा उपद्रव इतका वाढला की, नव्या सदस्यांची व प्रकल्पांची नोंदणी तात्पुरती थांबवावी लागली. २०२४ च्या आरंभापासून तेथील खातेदारांना दुहेरी ओळख-पडताळणी आवश्यक करण्यात आली. या उपायाने खाते सुरक्षित राहते. साधनाच्या गुणवत्तेची हमी मात्र मिळत नाही.

म्हणून वापरणाऱ्याने काही पथ्ये पाळणे हितावह ठरते. साधनाच्या नावातील प्रत्येक अक्षर तपासावे. परवाना आणि शेवटच्या सुधारणेची तारीख पाहावी. प्रथम काल्पनिक नोंदींवर चाचणी घ्यावी आणि मूळ यादीची प्रत वेगळी ठेवावी. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या कार्यालयात तर ही दक्षता अपरिहार्य आहे.

घेणाऱ्याने देणाराही व्हावे

मुंबईच्या आय.आय.टी.मधील ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणक्षेत्रात पायथॉनसह मुक्त आज्ञावलींचा प्रसार करतो. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून संगणकाचे दृक्‌श्राव्य पाठ उपलब्ध करून दिले आहेत. हाताशी एवढी सोय असताना शिकण्याची वाट बिकट राहिलेली नाही.

गुणपत्रकांची बेरीज करणारी वा दाखल्यांची यादी लावणारी दहा-वीस ओळींची आज्ञावलीही इतरांच्या उपयोगी पडू शकते. ती देताना तिच्यातून खऱ्या व्यक्तींची माहिती काढून टाकावी, ती काय करते व काय करीत नाही हे साध्या मराठीत लिहावे आणि परवाना जोडावा. एका शिक्षकाचे एका संध्याकाळचे श्रम असे जपून पुढे दिले, तर शेजारच्या शाळेस तेच काम नव्याने करावे लागणार नाही.