ठेच आणि दगड

अकलोलीच्या गरम कुंडाजवळ आम्ही दोघे बसलो होतो. खाली तानसा नदी. मी बौद्ध, सोबतचा शिक्षक-मित्र ख्रिस्ती. त्याचे आजोबा मराठवाड्यात मातंग समाजातून ख्रिस्ती झाले. मुलीचा प्रवेशअर्ज त्याच्या खिशात होता. "गुरुजी, रविवारी उपासनेला जातो, अन् अर्जावर 'हिंदू मांग' लिहितो. मग मी खरं कुठं बोलतो?"

त्याच्या धर्मात हा प्रश्न जुनाच आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात पौल सांगतो की देवासंबंधाने आणि माणसांसंबंधाने आपले मन निर्दोष राखण्याची तो खटपट करतो. तेथील मूळ ग्रीक शब्दात ठेच आहे. स्वतः ठेचाळू नये आणि दुसऱ्याच्या वाटेत दगडही होऊ नये, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. पौल हे प्रार्थनेच्या खोलीत बोलला नाही. कैसरियात सुभेदार फेलिक्ससमोर आरोपी म्हणून उभा राहून बोलला. फेलिक्सला त्याच्याकडून पैशाची आशा होती. पैसे मिळाले नाहीत आणि पौल दोन वर्षे कैदेत राहिला. निर्मळ मनाची किंमत अशी मोजावी लागते.

परंतु माझ्या मित्राच्या वाटेतला दगड कोणी ठेवला? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आम्हांला हे नवे नाही. माझ्या वडिलांनी १९५६ साली दीक्षा घेतली आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीच्या अर्जावर 'हिंदू महार' लिहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे आई सांगे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला: बाप्तिस्मा घेऊन, चर्चला नियमित जाऊन, केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे. अर्जदाराच्या मनाची झडती झाली; आदेशाच्या मनाची कोण घेणार? बाप्तिस्म्याने गावातली जात धुतली जात नाही. मारणारा मांग म्हणूनच मारतो. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्याच संरक्षणासाठी आहे. एवढे सगळे घालवून मन निर्मळ ठेव, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे?

दुसरा दगड चर्चच्याच अंगणात आहे. धर्मांतरितांमध्ये जात टिकून राहते आणि मिशन तिच्याशी झुंजत नाही, ही टीका बाबासाहेबांनी केली होती. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती कबरस्तानांतही जातीची विभागणी झाली. मी ऐकलेल्या प्रवचनांत (मित्राच्या आग्रहाने थोडीच ऐकली) मनाची शुद्धता म्हणजे दारू नको, शिवी नको, खोटे नको, एवढेच असे. पौलाच्या वाक्यातला 'माणसांसंबंधाने' हा अर्धा भाग उपदेशक गाळतात. तो घेतला तर शेजारी बसलेल्याची जातही दिसू लागेल.

तरी खोटे ते खोटेच, हे मी मित्राला सांगितले. ते त्याच्यावर लादले गेले आहे, हेही सांगितले. आदेशाविरुद्ध उघड उभे राहणे आणि गुपचूप रकाना भरणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीवर सोबत लागते. त्या वाटेवर आम्ही बौद्ध त्याच्या बाजूने कितीसे आलो?

तो बराच वेळ बोलला नाही. मग पाय कोरडे करून उठला.

"अर्ज पोरीचा आहे," तो म्हणाला, "तिलाच विचारतो."