गुमास्त्याच्या हातीं सर्व किल्ल्या कशाला?

पेढीच्या दर्शनी भागांत बसून गिऱ्हाइकाला माल दाखविणें एवढेंच ज्याचें काम, त्या गुमास्त्याच्या कमरेला तिजोरीच्या, कोठाराच्या आणि मालकाच्या राहत्या घराच्याहि किल्ल्या अडकविल्या, तर त्या व्यवहाराला शहाणपणाचा कोण म्हणेल? संगणकाच्या जगांत मात्र हा प्रकार पुष्कळ वर्षें चालत आला, आणि कित्येक ठिकाणीं अद्यापहि चालू आहे. मागेल त्याला संकेतस्थळाचें पान काढून देणारा वेब सर्व्हर हा असाच एक गुमास्ता होय. तो जगांतल्या कोणाशींहि बोलतो. म्हणूनच चोराचें लक्ष प्रथम त्याच्याकडे जातें.

लिनक्स प्रणालींत प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचा तो ‘रूट’. यंत्रावरील सर्व सत्ता त्याची. वेब सर्व्हरला या सर्वाधिकाऱ्याचें साह्य कां लागे? मुख्य कारण दाराचें. १०२४ च्या खालच्या क्रमांकाचीं पोर्टें, म्हणजे येण्याजाण्याचीं दारें, रूटच्या अधिकारावांचून कोणीं उघडूं नयेत, असा युनिक्सचा जुना दंडक आहे. आणि संकेतस्थळांचीं ठरलेलीं दारें, ८० व ४४३, हीं नेमकीं त्या हद्दींत पडतात.

२०१३ सालीं ‘डॉकर’ हें साधन प्रसिद्ध झालें, आणि सर्व्हर कंटेनरांत, म्हणजे आपल्या सर्व सामग्रीसह एका वेगळ्या खोलींत, चालविण्याचा प्रघात पडला. खोली वेगळी झाली खरी. परंतु तिची व्यवस्था पाहणारा कारभारी रूटच राहिला, आणि सामान्यतः खोलींतला शून्य क्रमांक म्हणजे बाहेरचाहि शून्यच असे. यांतला धोका फेब्रुवारी २०१९ मध्यें उघड झाला. कंटेनर सुरू करून देणाऱ्या ‘रन-सी’ या प्रोग्रॅमांत एक दोष आढळला. त्याच्या आधारें आंतल्या रूटला बाहेरचा तो प्रोग्रॅमच बदलून साऱ्या यंत्राचा ताबा घेतां येत होता. आंतला शून्य बाहेरच्या शून्याशीं जोडलेला नसेल, तेथें मात्र हा घाव बसत नव्हता.

ही जोडणी तोडण्याची युक्ति लिनक्सच्या गाभ्यांत २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तींत पूर्णत्वास आली. तिला ‘युजर नेमस्पेस’ म्हणतात. समजा, यंत्रावर १००० क्रमांकाचा एक साधा वापरकर्ता आहे, आणि १,००,००० पासून पुढचे ६५,५३६ क्रमांक त्याला नेमून दिले आहेत. त्यानें ‘पॉडमन’च्या साह्यानें किंवा डॉकरच्या रूटविरहित पद्धतीनें ‘एन्जिनएक्स’ हा सर्व्हर चालविला, तर आंतला शून्य बाहेर १००० ठरतो, आणि आंत १०१ क्रमांकानें पानें देणारा सेवक बाहेर १,००,१०० ठरतो. खोलींत राजा, अंगणांत रयत! भिंत फोडून चोर बाहेर आला, तरी त्याच्या हातीं एका साध्या माणसाचेच अधिकार लागतात.

या सुरक्षिततेपायीं थोडी गैरसोय सोसावी लागते. सर्व्हरनें ८०८० सारखें वरच्या क्रमांकाचें दार उघडावें, आणि ८० वर येणाऱ्यांना यंत्राच्या मालकानें तिकडे वळवावें, हा एक मार्ग. १०२४ ची सीमाच ८० वर आणतां येते. परंतु मग तेथून वरचीं दारें त्या यंत्रावरील कोणालाहि उघडतां येतात. फाइलींच्या परवानग्याहि या नव्या क्रमांकांप्रमाणें द्याव्या लागतात. येथें अडखळून सर्वांनाच लिहिण्याची मुभा देणें म्हणजे किल्ल्या पुन्हा रस्त्यावर टांगणेंच होय. शिवाय वापरकर्ता यंत्रावरून निघून गेला म्हणजे त्याचीं कामें थांबण्याचा संभव असतो. त्याकरितां ‘लिंगर’ ही सोय एकदां चालू करून ठेवावी लागते.

इतकें करूनहि गाभा सर्वांचा एकच राहतो. त्यांत दोष निघाल्यास ही भिंतहि पुरत नाहीं, म्हणून नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसविणें प्राप्तच आहे. तसेंच त्या साध्या वापरकर्त्याच्या मालकीचें जें असेल, तें चोराच्या आवांक्यांत राहतेंच. याकरितां शहाणा व्यवस्थापक प्रत्येक संकेतस्थळास निराळा वापरकर्ता नेमतो, आणि एका गाळ्यांतली चोरी त्या गाळ्यापुरतीच राहील अशी तजवीज आधींच करून ठेवतो.